धुरपाचा घोट

सुरुवातीलाच हात जोडतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, आणि शब्दही घरात बोलतो तसे साधेच आले आहेत. जाणत्या माणसांच्या तोंडून जसं ऐकलं तसं उतरवलं. चुका पोटात घाला, पण गोष्ट नीट ऐका, कारण ती आमच्या गावाची आहे आणि आमच्या गावाला तिचा मोठा अभिमान आहे.

फार वर्षांपूर्वी, घाटाला गाडीवाट नव्हती आणि खालून कोण येतंय हे बैलांच्या घुंगरांवरून ओळखावं लागायचं, त्या काळी कड्याच्या अंगावर कुसरवाडी नावाचं गाव होतं. गाव अजून आहे. तेव्हा घरं गवताची होती आणि भिंती कारवीच्या. पाऊस लागला की चार महिने धुकं उंबऱ्याशी येऊन बसायचं, आणि खालचं जग आहे की वाहून गेलं हे दसऱ्यालाच कळायचं.

त्या गावात धुरपा राहायची. तिचा नवरा मिठाच्या बैलांबरोबर कोकणात उतरला तो तापानं तिकडेच राहिला. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या घरात धाकटा दीर हैबती आणि त्याची माणसं होती. धुरपा अंगानं काटकुळी, चालायला वाऱ्यासारखी आणि बोलायला तिखट. पण तिच्या हाताला गुण होता. सात वाड्यांतून माणसं तिच्याकडे यायची आणि हसत परत जायची, असं म्हणतात.

ती कशासाठी यायची हे सांगताना आमच्याकडे कोणी लाजत नाही, म्हणून मीही लाजत नाही. ज्याचा कोठा जड झाला, ज्याचं पोट दिवसचे दिवस साफ होत नाही, तो धुरपाकडे यायचा. पावसाळ्यात नाचणीची भाकर आणि सुकं खाऊन, घरात बसून बसून, निम्म्या गावाची तीच तक्रार असायची. धुरपा त्याला रगतरोड्याच्या सालीचा काढा द्यायची.

रगतरोडा आमच्या रानात कड्याच्या वरच्या अंगाला होतो. झाड दिसायला काही विशेष नाही. पण साल सोलली की आतून लालसर पिवळी निघते, आणि हाताला लागलेला रंग दोन दिवस जात नाही. या सालीची विद्या धुरपाला तिच्या सासूनं दिली. सासूनं मरताना तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पोरी, साल देणं सोपं हाय. न देणं अवघड. तेवढं शिकलीस तर शिकलीस."

आणि मग तिनं सालीचा कायदा सांगितला. शिमगा झाला की झाडाला विचारून साल काढायची. फांदीची काढायची, खोडाला हात लावायचा नाही. यंदा ज्या झाडाची काढली त्याला पुढची काही वर्षं विसरून जायचं. साल सावलीत वाळवायची, तिच्या जुड्या बांधायच्या आणि माळ्यावर मावळतीच्या वाशाला टांगायच्या. तिथं तिनं एक पाऊस ऐकायचा, एक थंडी सोसायची, एक उन्हाळा बघायचा. वर्ष पुरं झालं की त्या जुड्या उगवतीच्या वाशाला आणायच्या, आणि मगच त्यातलं कुणाला द्यायचं. साल मावळतीला निजते आणि उगवतीला जागी होते, असं म्हणतात.

"आन वर्साच्या आत दिली तर?" धुरपानं विचारलं होतं.

"तर ती पोट धूत न्हाई, पिळती," सासू म्हणाली. "जीव नरड्यात आणती. कच्ची साल आन मुरलेली साल दिसायला बहिणी-बहिणी. वाळली की डोळ्याला कळायची न्हाई. म्हणून वासा."

म्हणून धुरपा वाशाकडे बघायची.

माणूस आला की ती त्याला आधी ओसरीवर बसवायची आणि प्रश्न विचारायची. सरळ उत्तर कोणी द्यायचं नाही, कारण हे दुखणंच असं आहे. एकदा एक तरणा गडी आला आणि तुळशीकडे बघत उभा राहिला.

"कवापास्नं रं?" धुरपानं विचारलं.

"एकादशीपास्नं, काकी."

"कंच्या एकादशीपास्नं?"

गड्यानं बोटं मोजायला घेतली. अंगणातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. धुरपा म्हणाली, "हसू नगा गं. तुमची एकादशी आली की त्यो हसंल." आणि चिमूटभर साल उकळून, गाळून, तिनं त्याला निजायच्या वेळेला घ्यायला सांगितलं. "रातभर ती तिचं काम करंल, तू तुझं झोपायचं काम कर. सकाळी वाट मोकळी होईल. लई दिस मागू नगंस. पोटाला एकदा चाकराची सवय लागली की पोट हातपाय हालवत न्हाई."

ज्याच्या पोटात सुरी फिरल्यासारखं दुखतं आहे, जो ओकतो आहे, ज्याला ताप आहे, त्याला ती साल द्यायची नाही. एकदा एक बैलांचा व्यापारी उजवी कूस दाबून, वाकून आला आणि पैंजण वाजवल्यासारखे पैसे वाजवायला लागला. धुरपानं त्याच्या पोटावर बोट टेकलं मात्र, तो किंचाळला. तिनं साल माळ्यावरच ठेवली आणि हैबतीला हाक मारून डोली बांधायला लावली. "ह्ये माझं न्हवं," ती म्हणाली. "खाली वैद्याकडं न्या, वाटेत थांबू नगा." तो व्यापारी वाचला आणि पुढे दर वर्षी कुसरवाडीच्या वाटेवरून जाताना बैल थांबवून वर बघून नमस्कार करायचा, असं म्हणतात. पोटुशी बाई आली तर ती साल नाही, दुधातून तूप द्यायची. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला, लहान पोराला, अगदी थकलेल्या म्हाताऱ्याला ती पेज आणि भोपळा सांगायची. माणसं रुसायची. "हिची साल म्हंजी काय सोनं हाय?" म्हणायची. धुरपा म्हणायची, "सोनं असतं तर दिलं असतं."

आता जे घडलं ते ऐका.

एका वैशाखात धुरपा भाचीच्या लग्नाला माहेरी गेली. तिच्या घराचं गवत जुनं झालं होतं. गावानं ठरवलं, बाई आपल्या सगळ्यांच्या पोटाचं बघते, आपण तिच्या डोक्यावरचं बघू. ती यायच्या आत शाकारणी करून टाकू. सगळा गाव लोटला. बायकांनी गवताच्या पेंढ्या दिल्या, गडी आढ्यावर चढले. सालीच्या जुड्यांवर कचरा पडू नये म्हणून हैबतीनं त्या आपल्या हातानं खाली उतरवल्या, अंगणात घोंगडीवर ठेवल्या, आणि छप्पर झाल्यावर परत नेऊन टांगल्या. तो मोठा टापटिपीचा माणूस. त्याच्या गोठ्यात दावीसुद्धा एका मापाची. त्याला त्या जुड्या वेड्यावाकड्या वाटल्या. म्हणून त्यानं लांब लांब जुड्या उगवतीच्या वाशाला लावल्या आणि आखूड आखूड मावळतीच्या वाशाला.

धुरपा आली. नवं पिवळंधमक छप्पर बघून ती वाटेतच खाली बसली.

"वयनी, माळा बी झाडून काडला," हैबती म्हणाला. "तुमच्या जुड्या कशा लावल्यात बघा. दातासारख्या."

"भावजी," ती म्हणाली, "माझा भाऊ असता तर त्यानं बी एवडं केलं नसतं." आणि तिनं वर पाहिलं ते छपराकडं पाहिलं. जुड्यांकडं पाहिलं नाही.

आषाढ लागला. सोनबा गुरव धुरपाकडे आला. सोनबा म्हणजे आमच्या भैरोबाचा पुजारी. आवाज नगाऱ्यासारखा, पोट त्याहून मोठं. देवाचा नैवेद्य देव खात नाही, सोनबा खातो, असं गाव म्हणायचं, आणि सोनबा म्हणायचा, "देवाचं कुनीतरी खायाच पायजे." पण त्या दिवशी त्याचा आवाज बसला होता.

"धुरपे, भैरोबा बरा," तो म्हणाला. "दगडाला ह्यो तरास न्हाई."

धुरपानं सगळे प्रश्न विचारले. दुखत नव्हतं, ताप नव्हता. तिनं उगवतीच्या वाशाला हात घातला, साल काढली, काढा करून दिला. सोनबा तो घेऊन गेला.

तो घोट कच्च्या सालीचा होता.

सोनबाला जे झालं ते वैऱ्याला होऊ नये. पोटात कोणी दोरखंड पिळावा तसं झालं. ओकून ओकून त्याचे डोळे आत गेले, अंग थंड पडलं, आणि देवळाचा खांब हलवील असा तो गुरव लेकरासारखा कण्हायला लागला. धुरपाला निरोप गेला. ती भिजत धावली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मीठ-गुळाचं पाणी चमच्या चमच्यानं पाजलं, पेजेचं पाणी पाजलं, पायाला ऊब दिली. त्यात घाटात पाऊस असा होता की डोली खाली जाणं शक्य नव्हतं. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. यम दारात आला होता, पण धुरपा उठेना म्हणून तो उभा राहून कंटाळला आणि गेला, असं म्हणतात.

सोनबा वाचला. तो शुद्धीवर आला तशी धुरपा घरी आली, आणि माळ्यावर चढली, आणि पहिल्यांदा तिनं नीट पाहिलं. लांब लांब एकीकडे, आखूड आखूड एकीकडे. दातासारख्या.

हैबती खाली उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो तसाच खाली बसला आणि कपाळ जोत्यावर आपटायला लागला. धुरपानं उतरून त्याचा खांदा धरला.

"भावजी, तुम्ही वासे बदलले," ती म्हणाली. "पर त्यो घोट मी दिला. मी वाशाला इचारलं, सालीला इचारलं न्हाई. चूक ज्या हातानं वाटी दिली त्या हाताची."

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमलं. मानाजी पाटील मधे बसला. पाटील भला माणूस होता, पण गावाची जबाबदारी त्याच्या डोक्यावर होती.

"धुरपाबाई," तो म्हणाला, "तुमच्यावर कुनाचा राग न्हाई. पर आता कच्ची कंची आन मुरलेली कंची ह्ये तुमालाबी ठावं न्हाई. खरं का?"

"खरं," धुरपा म्हणाली.

"मग समदी साल जाळून टाकू. परत असं नगं."

ठमा कुंभारीण, जिची जीभ चाकापेक्षा जोरात फिरायची, ती मागून म्हणाली, "व्हय. गुरव हुता म्हणून टिकला. आमचा म्हातारा असता तर तिरडीच बांदली असती."

धुरपा खाली बघत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते पुढे तिनं हैबतीच्या बायकोला सांगितलं, म्हणून गावाला ठाऊक आहे. साल जळाली तर यंदा काही नाही. पुढच्या वर्षीही काही नाही, कारण येत्या शिमग्याला सोलायची ती साल त्याच्या पुढच्या शिमग्याला मुरणार. ज्यांची पाळी होती ती झाडं सोलून झाली होती. घाईनं पुन्हा सोलली तर ती मरणार. एवढा काळ माणसं वाट बघत नाहीत, कुणीतरी रानात जाऊन कच्चीच सोलून पिणार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तिच्या हातून वाटी घ्यायला पुन्हा कोणी हात पुढे करणार नाही. सासूनं हातात दिलेली विद्या तिच्या हातातच राख होणार.

ती उठून उभी राहिली. "पाटील, जाळायला एक काडी पुरं. पर मला श्रावण द्या. जुड्या मी वळखून दावते."

"कशावरनं?"

"पिऊन."

मागे बसलेली माणसं पुढे सरकली.

"परत्येक जुडीचा घोट मी घेईन, हितं, तुमच्यासमोर," धुरपा म्हणाली. "जी पिळंल ती कच्ची. जी निजू देईल आन सकाळी उटवंल ती मुरलेली. माझं पोट सांगंल."

हैबती पुढे आला. "वयनी, जुड्या मी लावल्या. पितो मी."

"तुमच्या पोटाला नांगर कळतो, भावजी, साल कळत न्हाई," ती म्हणाली. "पेज तेवडी शिजवून आना."

आणि श्रावणभर धुरपा देवळाच्या ओसरीवर बसली. कोणी म्हणतं तिनं सगळ्या जुड्यांचे घोट एकाच दिवशी घेतले. पण जाणती माणसं म्हणतात की नाही, असं केलं तर काही कळलंच नसतं. ती एका जुडीचा इवलासा घोट घ्यायची, आणि पोट काय म्हणतं ते ऐकून, पुन्हा सावरून, मगच दुसरीला हात घालायची. मुरलेली निघाली की दुसऱ्या दिवशी ती उन्हाची तिरीप पडावी तशी हसायची. कच्ची निघाली की ती खांबाला मिठी मारून बसायची आणि ओठ चावायची, पण कण्हायची नाही. बायका तिची पाठ चोळायच्या. ठमा कुंभारीण पहिल्या दिवशी बघायला आली आणि तिसऱ्या दिवशी तिचे पाय दाबायला बसली. "मेले, आमच्यासाटी मरतीस व्हय," ती म्हणायची आणि डोळे पुसायची. हैबती पेज घेऊन पायरीवर बसलेला असायचा. त्यानं श्रावणभर स्वतः पेजेखेरीज काही खाल्लं नाही.

आधीच काटकुळी, आता धुरपाची नुसती काडी झाली. तिचे केस काळेभोर होते, ते कच्च्या जुडीगणिक एकेक बट करत पांढरे होत गेले, असं म्हणतात. वरच्या रानात जोराचा वारा नसतानाही रगतरोड्याची झाडं देवळाच्या बाजूला वाकली, आणि ती अजून तशीच वाकलेली आहेत. कोणाला पटत नसेल त्यानं येऊन बघावं.

मग एक दिवस असा आला की धुरपानं जुडी हातात घेतली, वाटीकडे हात नेला, आणि थांबली. तिनं ती जुडी कानाला लावली. डोळे मिटले.

"ही बोलती हाय," ती म्हणाली, आणि जुडी डावीकडे ठेवली. दुसरी कानाला लावली. "ही गप हाय." ती उजवीकडे ठेवली.

गाव एकमेकांकडं बघायला लागलं. बाई भ्रमली की काय असं वाटलं. पण धुरपा शांत होती. कच्ची साल आत कुजबुजत असते, तिला अजून पाऊस आठवत असतो. मुरलेली साल सगळं विसरून गप्प झालेली असते. इतके घोट सोसल्यावर ती कुजबुज तिच्या कानाला कळू लागली, असं म्हणतात. उरलेल्या सगळ्या जुड्या तिनं कानानं निवडल्या. शेवटची उजवीकडे ठेवली आणि पाटलाकडे पाहिलं.

मानाजी पाटील उठून उजवीकडच्या ढिगापाशी आला.

"धुरपाबाई, तुम्ही पिऊन दावलं ते आमी डोळ्यानं बघितलं," तो म्हणाला. "पर ह्या कानानं निवडलेल्या. त्याचं काय? ह्यातली एकादी चुकली असली तर?"

"पाटलाचं खरं हाय," ती म्हणाली. "ह्यातली तुमीच काडा. मी पिते."

"तुमी पिणारच. तुमच्या अंगात आता काय उरलंय जे सालीला कळंल? दुसऱ्या कुनी प्यायला पायजे. ज्याचा कोटा जड हाय असा कुनी." आणि पाटलानं गावाकडे पाहिलं.

गावानं खाली पाहिलं. जे कालपर्यंत तिच्या दारात रांग लावत होते त्यांनी धोतराचे सोगे बघितले. श्रावणाचे उपास चालले होते, साबुदाणा आणि रताळी खाऊन किती जणांचे कोठे जड होते हे ज्याला त्याला ठाऊक होतं. पण सोनबाला सगळ्यांनी पाहिलं होतं. धुरपा उभी होती. त्या एका क्षणावर तिचं सगळं टांगलं होतं.

गाभाऱ्यातून आवाज आला, "माझा लई दिस झाला जड हाय."

सोनबा गुरव भिंत धरत बाहेर आला. अर्धा झाला होता बिचारा. पोटाचा नगारा जाऊन डमरू उरलं होतं.

"सोनबादादा, तुमी नगं," धुरपा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. श्रावणभर जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

"का नगं? दुसऱ्या कुनाला कच्च्या सालीची चव ठावं हाय हितं?" सोनबा म्हणाला. "कच्ची असली तर जिभंलाच वळखीन. पाटील, काडा तुमच्या हातानं."

पाटलानं कानानं निवडलेल्या, उजवीकडच्या ढिगाच्या अगदी मधली जुडी काढली. देवळातच चूल मांडली, काढा उकळला, गाळला. संध्याकाळची आरती झाली. धुरपानं वाटी घेतली, सगळ्यांसमोर आधी आपण एक घोट घेतला, आणि उरलेली वाटी सोनबाच्या हातात दिली. सोनबानं ती भैरोबाला दाखवली आणि म्हणाला, "देवा, तुझा नैवेद्य मी लई खाल्ला. ह्यो माझा नैवेद्य तू संबाळ." आणि पिऊन टाकली.

गाव घरी गेलं, पण झोपलं नाही. ओकायचा आवाज येतो का, सोनबाच्या पोराची हाक येते का, याकडे सगळ्यांचे कान.

काही आलं नाही.

उजाडलं. धुकं इतकं दाट होतं की देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसांना देऊळ दिसत नव्हतं. सगळा गाव पायऱ्यांवर. धुरपा खांबाला टेकून. आणि मग खालच्या ओढ्याकडून कोणीतरी येताना दिसलं. हातात रिकामं टमरेल, धोतर सावरलेलं, आणि चाल अशी की जसा वरातीपुढचा घोडा. सोनबा गुरव कोणाकडे न बघता ओढ्याच्या पाण्यानं ओला झालेला तसाच पायऱ्या चढला, टमरेल खाली ठेवलं, आणि भैरोबाची घंटा दोन्ही हातांनी धरून वाजवायला लागला. वाजवली ती अशी वाजवली की सात वाड्यांना ऐकू गेली. आणि नगाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "मोकळा झालो रं, भैरोबा."

गाव हसलं. रडलं आणि हसलं. पाटील पागोटं काढून हसला. ठमा कुंभारणीनं धुरपाला उचलून घेतलं, आणि तिचं वजन सुपाएवढंही नव्हतं. हैबती आपल्या वहिनीच्या पायांवर डोकं ठेवून बसला होता. त्याच घटकेला धुकं फाटलं आणि श्रावणभर न दिसलेलं ऊन देवळावर पडलं, असं म्हणतात.

पाटलानं डावीकडच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "ह्या तेवड्या जाळू."

"का जाळायच्या?" धुरपा म्हणाली. "कच्ची हाय, वाईट न्हाई. तिची येळ आली न्हाई एवडंच. मावळतीला टांगा." आणि हैबतीनं त्या आपल्या हातानं मावळतीच्या वाशाला टांगल्या, आणि या वेळेला लांब-आखूड काही बघितलं नाही.

धुरपा पुढे पुष्कळ जगली. तिचे केस दुधासारखे पांढरे झाले. शेवटी एका शिमग्याला ती साल काढायला वरच्या रानात गेली ती परत आली नाही. शोधायला गेलेल्यांना एका रगतरोड्याखाली तिचं धुतलेलं लुगडं घडी करून ठेवलेलं सापडलं. ती झाडात गेली, असं म्हणतात. त्या झाडाला अजून कोणी कोयता लावत नाही.

आता घरांवर पत्रे आले, वासे गेले. पण सालीच्या जुड्या आजही देवळाच्या मंडपात मावळतीला वर्षभर टांगलेल्या असतात, आणि त्यावर पाटलाच्या घरातला माणूस दर वर्षी नवी गाठ मारतो. एक गाठ असेल तर हात लावायचा नाही, दोन झाल्या की साल मुरली. आता खाली आरोग्य केंद्र आहे, डॉक्टर मॅडम आहेत. कुणाचं पोट दुखत असेल, कुणी ओकत असेल, कुणी पोटुशी असेल, कुणाला आधीच दुसऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्याला साल नाही, सरळ मॅडमकडे. धुरपाच असं वागायची, म्हणून आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि धुरपाचा घोट गावात सगळ्याच गोष्टींना लागतो. लग्नाच्या पंगतीत आचारी पहिला घास सगळ्यांसमोर आपण खातो. नव्या विहिरीचं पाणी खणणारा आधी पितो. बाहेरगावचा सोयरा म्हणतो, ही काय पद्धत? आम्ही म्हणतो, ही कुसरवाडी आहे. इथं ज्याच्या हातात वाटी, त्याच्या ओठाला आधी.

श्रावणाच्या शेवटी देवळात त्या वर्षीच्या मुरलेल्या जुड्या उघडतात. गावातला एक निरोगी गडी चिठ्ठीनं निवडतात. तो जुडी कानाला लावतो, आणि सगळ्या गावासमोर घोट घेतो. दुसऱ्या दिवशी तो घंटा वाजवेपर्यंत साल कुणाला मिळत नाही. सकाळी सगळं गाव चहा घेता घेता घंटेची वाट बघत असतं, आणि घंटा झाली की घराघरांत हशा उठतो.

यंदा माझी चिठ्ठी निघाली. मला चार माणसांत उभं राहायचं म्हटलं तरी घाम येतो. काल संध्याकाळी मी जुडी कानाला लावली. ती गप्प होती. मी घोट घेतला, घरी आलो, आणि झोपलो.

आज सकाळी मी ओढ्यावर जाऊन आलो, देवळात गेलो, आणि घंटा वाजवली.